गोल पोहणारा मासा

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली माशाची पिल्लं]

बशीला टिचकी मारली की सगळी पिल्लं दचकून पळतात. हे एक पळत नाही. त्याला टिचकी कळलीच नाही. पोहू लागलं की ते स्वतःभोवती गोल फिरतं. वय पाच दिवस, लांबी जेमतेम चार मिलिमीटर, आणि अंग इतकं पारदर्शक की धडधडणारं हृदय बाहेरून दिसतं.

हा झेब्राफिश. मूळचा आपल्याच उपखंडातला, ओढ्यांत आणि भातखाचरांच्या पाण्यात राहणारा. १९८१ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायझिंगर यांनी दाखवून दिलं की आनुवंशिकतेच्या अभ्यासाला हा मासा उत्तम आहे. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचं भावंड या माशात सापडतं.

[दृश्य : खानापूर तालुका, भातशेती, घराचा सोपा]

या घरातली दोन भावंडं जन्मापासून ऐकू शकत नाहीत. थोरल्याला आता दिवेलागणीनंतर अंगणातली पायरीही दिसत नाही. आईवडील एकमेकांची आतेमामे भावंडं. आजींनी मागच्या पिढ्यांची नाती तोंडपाठ सांगितली, बेळगावच्या डॉक्टरांनी ती कागदावर उतरवली : पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. आजींची आठवण हाच या तपासातला पहिला पुरावा आहे, असं आम्ही मानतो.

मग भावंडांचं रक्त तपासणीला गेलं. मायोसिन ७ए या जनुकात एक अक्षर बदललेलं निघालं. पण अशी बदललेली अक्षरं प्रत्येक माणसात लाखोंनी असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. म्हणून अहवालात लिहिलं होतं : अर्थ अनिश्चित.

[दृश्य : काचेची बारीक सुई, अंड्यात टोचणी]

अशा संशयाचा निकाल मासा लावू शकतो. अंडं एका पेशीचं असतानाच क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने तेच जनुक मोडतात. माशाच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, पाण्याची हालचाल ओळखणाऱ्या केशपेशी असतात. आपल्या कानात खोल दडलेल्या पेशींसारख्याच, फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या. पाण्यात रंग सोडला की निरोगी केशपेशी तो घेतात आणि चमकतात. पडद्यावर डावीकडे पाहा. उजवीकडे मायोसिन ७ए बिघडलेला मासा आहे : ठिपके अंधारेच.

आता उलट परीक्षा. बिघडलेल्या माशात माणसाच्या निरोगी जनुकाची प्रत घालायची. मासा सुधारला, तर जनुक बरोबर ओळखलं. नंतर रुग्णाचं अक्षर असलेली प्रत घालायची. यावेळी मासा सुधारला नाही, तर दोष त्या अक्षराचा. हे काम वेळखाऊ आहे, मोठं जनुक असेल तर आणखीच अवघड. तरी ते व्हायला हवं, कारण नुसत्या संशयावर कुणाचं लग्न किंवा गर्भारपण ठरवता येत नाही.

[दृश्य : पिंजऱ्यात गिरक्या घेणारा उंदीर]

माशाच्या कानात आपल्यासारखी गोगलगायीच्या शंखाच्या आकाराची नळी नसते. ती पाहायला उंदीर लागतो. गिरक्या घेणाऱ्या, मान झटकणाऱ्या बहिऱ्या उंदरांचं हे कुळ शास्त्रज्ञांना १९२९ पासून माहीत होतं. १९९५ साली त्यांचं बिघडलेलं जनुक सापडलं, आणि त्याच वर्षी माणसातल्या अशर सिंड्रोमच्या एका प्रकारातही तेच निघालं : जन्मतः बहिरेपण, पुढे रातांधळेपणा. गोल पोहणाऱ्या माशातलं जनुक २००० साली ओळखलं गेलं. तेही हेच. या उंदरांचे डोळे मात्र माणसासारखे जात नाहीत. त्यामुळे कानाबद्दल ते जे सांगतात, ते डोळ्यांबद्दल सांगू शकत नाहीत.

[दृश्य : बेळगाव, दवाखान्याचा व्हरांडा]

आईवडील दोघांकडे या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका. लवकर कळलं तर कानातलं यंत्र वेळेत बसवता येतं.

आज या आईवडिलांचं रक्त घेतलं जातंय. मावशीच्या लेकीला नात्यातलंच स्थळ आलंय. तिची तपासणी सुपारी फुटण्याआधी व्हावी, असं आजींनीच डॉक्टरांना सांगितलंय.