आरएनएवरची ३४ वी जागा

नमस्कार श्रोतेहो. अंगाने सडपातळ, वय चाळिशीच्या आत, तरीही मधुमेह. जोडीला ऐकू कमी येतं, आणि आईलाही हेच दोन्ही त्रास. असं कुणी तुमच्या नात्यात असेल, तर पुढचं जरा कान देऊन ऐका. अशा काही घरांत दुखण्याचं मूळ आरएनएच्या, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या नकलेच्या, एका रेणूवर न लागलेल्या रासायनिक खुणेत सापडतं.

पेशीला लागणारी बहुतेक ऊर्जा मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या छोट्या वीजघरांत, तयार होते. मायटोकाँड्रियाला स्वतःचा डीएनए असतो आणि तो आईकडूनच येतो. अक्षरं १६,५६९, जनुकं ३७; त्यातली २२ जनुकं टी-आरएनएची. प्रथिन कसं बनवायचं हे सांगणारा संदेशही आरएनएचाच; त्यातला तीन अक्षरांचा शब्द वाचून नेमकं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाची वीट, आणून देणं, हे टी-आरएनएचं काम. पण तयार झाला की तो लगेच कामाला लागत नाही. आधी एन्झाइम्स त्याच्यावर ठिकठिकाणी मिथिल, गंधक, टॉरिन असे गट चढवतात. माणसाच्या या २२ टी-आरएनएंवर मिळून १३७ जागी १८ प्रकारचे बदल आढळले आहेत. माझ्या मते त्यात सगळ्यांत मोलाची जागा ३४ वी, म्हणजे टी-आरएनएचं ३४ वं अक्षर, कारण शब्दाचं तिसरं अक्षर तिथे वाचलं जातं.

ल्युसिन हे अमिनो आम्ल आणणाऱ्या दोन टी-आरएनएंपैकी एकाच्या ३४ व्या जागी टॉरिनचा गट लागतो. डीएनएत ३२४३ व्या जागी ‘ए’चा ‘जी’ झाला, की या टी-आरएनएचं १४ वं अक्षर बदलतं. फटका मात्र बसतो ३४ व्या जागेला. तिथे टॉरिन चढत नाही. ल्युसिनसाठीच्या ‘यूयूए’ आणि ‘यूयूजी’ या शब्दांपैकी मग हा टी-आरएनए ‘यूयूए’ वाचतो, पण ‘यूयूजी’वर अडखळतो. ‘यूयूजी’ची गर्दी असते एनडी-६ या प्रथिनाच्या संदेशात. ते प्रथिन अपुरं पडलं की ऊर्जा बनवणाऱ्या श्वसनसाखळीतला कॉम्प्लेक्स-१ हा प्रथिनांचा संच मंदावतो, ऊर्जा घटते, रक्तात लॅक्टेट हे आम्ल साचतं. सौम्य रूपात मधुमेह आणि बहिरेपण. तीव्र रूपात, म्हणजे मेलास या आजारात, फिट येतात आणि लकव्यासारखे झटके.

मायटोकाँड्रियाची ही अडचण बाकीच्या पेशीला कळते कशी? ती साखळी २०२० साली उलगडली. मायटोकाँड्रियातलं ओएमए-१ हे एन्झाइम डीईएलई-१ या प्रथिनाचा तुकडा पाडतं. तो तुकडा बाहेर येऊन एचआरआय या एन्झाइमला जागं करतो. त्यासरशी पेशी बहुतेक प्रथिनांचं उत्पादन आवरतं घेते, पण जनुकं चालू करणाऱ्या एटीएफ-४ या प्रथिनाचं वाढवते. एटीएफ-४ मग अमिनो आम्लं आणि पेशीचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन बनवणारी जनुकं चालू करतं. इथेही आरएनएवरची खूण आडवी येते. एटीएफ-४ च्या संदेशात सुरुवातीलाच एक फसवा भाग आहे आणि त्यावर मिथिलची खूण असते. खूण असेपर्यंत रायबोसोम, म्हणजे संदेश वाचून प्रथिन जोडणारं यंत्र, तिथेच गुंततो. अमिनो आम्लांची टंचाई झाली की एएलकेबीएच-५ हे एन्झाइम ती खूण काढतं आणि खऱ्या संदेशाची वाट मोकळी होते.

आता तपासणीचं. ३२४३ चा दोष असलेल्या डीएनएचं प्रमाण रक्तात वयानुसार घटत जातं. म्हणून मोठ्या माणसाची रक्ततपासणी स्वच्छ आली, तरी तेवढ्यावर थांबू नका. लघवीतल्या पेशींची तपासणी जास्त भरवशाची. लॅक्टेटसाठी रक्त देताना मूठ आवळू नका, दंडाचा पट्टा फार वेळ बांधून ठेवू देऊ नका. नमुना फ्लोराइडच्या नळीत, बर्फावर ठेवूनच न्यायला हवा. नागपुरात नवतप्याच्या उन्हात धंतोलीहून मेडिकल चौकापर्यंत साधी नळी बर्फाशिवाय गेली, तर वाटेतच लाल पेशी ग्लुकोज खात राहतात आणि लॅक्टेट खोटंच वाढलेलं दिसतं.

मेलासचे झटके टाळण्यासाठी जपानने २०१९ साली टॉरिनच्या मोठ्या मात्रेला मान्यता दिली. तिथल्या चाचणीत रोजची मात्रा ९ किंवा १२ ग्रॅम होती, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुकानातून डबा आणून स्वतःच सुरू करू नका. कडक उपास आणि उन्हात पाणी कमी पिणं टाळा. मेटफॉर्मिन किंवा फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर डॉक्टरांना हा संशय आवर्जून सांगा, पण गोळी मनाने बंद करू नका. आणि जाताना एका कागदावर आजी, आई, मावश्या, मामा, भावंडं यांची नावं लिहून न्या. प्रत्येकापुढे मधुमेह, ऐकू न येणं, फिट, यातलं काय आणि कोणत्या वयात सुरू झालं, तेही लिहा.