फ्रिजमधला मृतदेह आणि चुकीच्या पानावर गेलेली उदाहरणं

१९९४ साली ग्रीन लँटर्न कॉमिकचा ५४ वा अंक आला. त्यात हिरो काईल रेनर घरी येतो, त्याला चिठ्ठी मिळते की तुझ्यासाठी फ्रिजमध्ये सरप्राइज ठेवलंय, आणि फ्रिज उघडून बघतो तर आत त्याच्या गर्लफ्रेंडचा, अलेक्झांड्राचा मृतदेह. मारणारा मेजर फोर्स नावाचा व्हिलन, आणि त्याने तो तिथे ठेवला तो काईललाच दिसावा म्हणून.

१९९९ मध्ये गेल सिमोनने, जी पुढे स्वतः नावाजलेली कॉमिक्स लेखिका झाली, एक यादी केली. कॉमिक्समधल्या ज्या बायकांना मारलं, जायबंदी केलं, ज्यांची पॉवर काढून घेतली अशा सगळ्यांची, नाव विमेन इन रेफ्रिजरेटर्स. मुद्दा शंभर टक्के खरा होता, बाईचे हाल होतात ते हिरोची स्टोरी पुढे सरकावी म्हणून.

टीव्ही ट्रोप्स ही विकी २००४ ची. गोष्टींमध्ये परत परत येणाऱ्या युक्त्या, म्हंजे ट्रोप, लोकांनी मिळून नोंदवायच्या. तिथे या प्रसंगावरून स्टफ्ड इंटू द फ्रिज नावाचं पान आहे पण त्याची व्याख्या एकदम नेमकी आहे, कुणालातरी क्रूरपणे मारलेलं पाहिजे आणि मृतदेह मुद्दाम दुसऱ्याला सापडावा, त्याला यातना व्हाव्यात म्हणून ठेवलेला पाहिजे. मरणारी बाईच हवी असंही नाही.

आता विकीबाहेर फ्रिजिंग, म्हंजे हिरोच्या स्टोरीसाठी बाईचा बळी देणं, म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात सिमोनची यादी असते, तीच माणसं विकीवर येतात, पानाचं नाव बघतात, व्याख्या न वाचताच लिहून टाकतात की हिरोची बायको अपघातात गेली. आणि पानावरची उदाहरणांची यादी फुगत जाते.

हा शब्दांचा कीस काढणं नाहीये. अलेक्झांड्राच्या प्रसंगात खरी क्रूरता ती मांडामांड करण्यात आहे, मारणाऱ्याने आधीच ठरवलंय की दार कोण उघडणार. बायको आजाराने गेली आणि हिरो आयुष्यभर झुरतोय, या गोष्टीत तसं काहीच नसतं, तिच्यासाठी अमेरिकन कवी एडगर ॲलन पो-च्या कवितेवरून नाव पडलेलं द लॉस्ट लेनोर हे पान आहे, आणि जी दोन सीन दिसून हिरोला सूडाला लावण्यापुरती मरते तिच्यासाठी डिस्पोजेबल वुमन. तिन्ही एकाच पानावर कोंबली तर लेखकाने नेमकं काय केलं हे कळायचं कसं?

असं खूप व्हायला लागलं की ते पान ट्रोप रिपेअर शॉपमध्ये, म्हंजे विकीवरच्या पानं दुरुस्त करायच्या विभागात जातं. कुणीतरी त्या पानाकडे येणाऱ्या लिंकांमधून नमुना उचलतं आणि एकेक वाचून वेगळं करतं, बरोबर, चूक, कळत नाही. चुका फार निघाल्या तर मग नाव बदलायचं, का व्याख्याच सैल करायची, का पान फोडायचं, यावर चर्चा. माझं मत विचाराल तर व्याख्या सैल करणं हा सगळ्यात वाईट उपाय.

जीव खातात ती 'कळत नाही' मधली उदाहरणं, म्हंजे नुसतं पात्राचं नाव आणि पुढे काहीच नाही. ती तपासायची तर अख्खी सिरीज बघितलेला माणूस लागतो, म्हणून तोपर्यंत ओळीच्या सुरुवातीला दोनदा टक्क्याचं चिन्ह टाकतात, ओळ पानाच्या कोडमध्ये राहते, वाचणाऱ्याला दिसत नाही.