कपातीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी

मित्रहो,

मंदी आली, मागणी आटली, बँकांनी हात आखडता घेतला, की थोड्याच दिवसांत कर्मचाऱ्यांच्या हाती एक पत्र पडते. त्यातला मजकूर बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: संस्था कठीण काळातून जात आहे, आपण सारे एका कुटुंबासारखे आहोत, तेव्हा परिस्थिती सुधारेपर्यंत पगारात अमुक टक्के कपात आपण स्वेच्छेने मान्य करावी. खाली सहीसाठी जागा असते आणि मुदत असते दोन दिवसांची. आज मी त्या सहीविषयी बोलणार आहे. प्रत्येक कपात अन्याय्य असते असे मी मानत नाही. काही सहकाऱ्यांना घरी पाठवण्यापेक्षा सर्वांनी थोडेथोडे सोसावे, हे मला पुष्कळदा अधिक योग्य वाटते. मात्र अशी कपात मान्य करणारा कर्मचारी व्यवहाराच्या दृष्टीने आपल्या संस्थेला कर्ज देत असतो, तेही बिनव्याजी आणि बिनतारण. म्हणून कर्ज देणारी बँक जे प्रश्न विचारते ते सगळे विचारण्याचा त्याला अधिकार आहे, आणि ते विचारणे म्हणजे संस्थेशी बेइमानी, असे कोणी सुचवत असेल तर ते साफ चूक आहे.

आधी हिशेब पाहू. समजा एखाद्या कर्मचाऱ्याच्या हाती महिन्याला शंभर येतात. घरभाडे किंवा घरकर्जाचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी, औषधे, किराणा, वीजबिल यांत पंचाऐंशी जातात आणि पंधरा उरतात. दहा टक्के कपातीने त्याचा खर्च दहा टक्क्यांनी घटत नाही, कारण हप्ता आणि फी जिथल्या तिथे राहतात; त्याच्या शिलकीतले दोन तृतीयांश मात्र गेलेले असतात. ज्या वरिष्ठाच्या हाती पगाराचा अर्धा भाग शिल्लक राहतो, त्याच्या शिलकीचा तीच कपात केवळ पाचवा हिस्सा नेते. कागदावर दोघांना सारखीच वाटणारी कपात घरी पोहोचेपर्यंत सारखी उरत नाही. दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. शंभराचे वीस टक्के गेले की ऐंशी उरतात, आणि पुढच्या वर्षी ‘तुमचे वीस टक्के परत देतो’ म्हणून ऐंशीवर वीस टक्के वाढ मिळाली तर हाती शहाण्णवच येतात. पूर्वपदावर येण्यासाठी पंचवीस टक्के वाढ लागते. हा फरक शांतपणे मांडून दाखवणारा एखादा सहकारी प्रत्येक बैठकीत असायला हवा.

सरसकट कपातीचा हा दोष इतिहासात एकदा फार मोठ्या प्रमाणावर उघडा पडला. १९३१ च्या सप्टेंबरात आर्थिक संकटात सापडलेल्या ब्रिटिश सरकारने नौदलाच्या वेतनात कपात जाहीर केली. अधिकाऱ्यांच्या वाट्याला साधारण दहा टक्के कपात आली. जुन्या दराने वेतन घेणाऱ्या कनिष्ठ खलाशांचे रोजचे चार शिलिंग मात्र तीनवर आले, म्हणजे त्यांची कपात पंचवीस टक्के झाली. त्यांतल्या अनेकांना ही बातमी वरिष्ठांकडून कळण्याआधी वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरून कळली. स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन येथे नांगरलेल्या युद्धनौकांवरील हजारो खलाशांनी जहाजे समुद्रात न्यायला नकार दिला. सरकारला मागे यावे लागले आणि कपात दहा टक्क्यांपर्यंत मर्यादित करावी लागली. पण तोवर बाजाराचा विश्वास आणखी ढासळला होता, आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला ब्रिटनने सुवर्णपरिमाण, म्हणजे पौंडाची सोन्याशी असलेली ठरावीक सांगड, सोडले. पौंडावर आधीपासूनच दबाव होता, त्यामुळे सारे खापर खलाशांवर फोडता येणार नाही. पण वाचवलेल्या एका शिलिंगापायी सरकारने केवढा धोका पत्करला, हे त्यातून दिसते.

कपातीला कर्मचाऱ्यांचा विरोध असतो तो केवळ भावनेपोटी, असे काही अर्थतज्ज्ञ आणि बरेच व्यवस्थापक मानतात. कानेमान, नेट्श आणि थेलर या संशोधकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीचा आधार यासाठी दिला जातो. महागाई नसताना सात टक्के कपात केली तर ती बहुसंख्य लोकांना अन्याय्य वाटली, पण बारा टक्के महागाई असताना पाचच टक्के पगारवाढ दिली तर ती बहुसंख्यांना चालण्याजोगी वाटली. खऱ्या क्रयशक्तीचे नुकसान दोन्हीकडे जवळजवळ तेवढेच आहे, म्हणून याला आकड्यांचा भ्रम म्हटले जाते. मला हा निष्कर्ष अपुरा वाटतो. ज्याच्या डोक्यावर ठरावीक हप्त्याचे कर्ज आहे, त्याच्यासाठी हाती येणारा आकडाच खरा असतो. महागाईत हप्ता वाढत नाही, पगार वाढला तर तो फेडणे तुलनेने सोपे जाते. कपातीत मात्र तोच हप्ता जड होतो.

अनुभवी मालकांना हे ठाऊक असते. ट्रुमन ब्यूली या अर्थतज्ज्ञाने १९९० च्या दशकाच्या आरंभीच्या मंदीत अमेरिकेच्या ईशान्य भागातील तीनशेहून अधिक उद्योजक, व्यवस्थापक, कामगार नेते आणि सल्लागारांच्या मुलाखती घेतल्या. मंदीतही मालक पगार का कापत नाहीत, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर आले ते मनोबलाचे. कामावरून काढलेला माणूस आपली नाराजी घेऊन बाहेर जातो. कपात सोसणारा माणूस ती घेऊन रोज कामावर येतो. शिवाय कपात केली तर ज्यांना बाहेर मागणी आहे असे चांगले लोक आधी सोडून जातील, ही भीतीही त्यांनी बोलून दाखवली. व्यवस्थापनाच्या सोयीने पाहिले तर हे तर्कसंगत आहे. ज्याची नोकरी जाते त्याच्या बाजूने पाहिले की मात्र मन अस्वस्थ होते, कारण उरलेल्यांचे मनोबल त्याच्या उपजीविकेच्या किमतीवर राखले जाते. म्हणूनच नीट केलेली कपात हा पर्याय मी सोडून द्यायला तयार नाही.

नीट म्हणजे कशी, याचे एक उत्तर जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकाच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडते. एकाच कंपनीच्या तीन कारखान्यांपैकी दोन ठिकाणी दहा आठवड्यांसाठी पंधरा टक्के कपात झाली. एका कारखान्यात कंपनीच्या प्रमुखाने जवळजवळ दीड तास बसून आकडे दाखवले, खेद व्यक्त केला आणि प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत निर्णय ऐकवून सभा संपवण्यात आली. कपात दोन्हीकडे सारखीच होती. कपातीच्या काळात कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण जिथे नीट समजावून सांगितले तिथे पुष्कळच कमी. नोकरी सोडून जाणारेही घाईने सभा आटोपलेल्या कारखान्यातच अधिक होते. हा अभ्यास व्यवस्थापन शिकवणाऱ्यांचा आवडता आहे. त्यातून केवळ गोड बोलण्याचे तंत्र शिकले जाऊ नये, एवढीच माझी कळकळीची विनंती. त्या दीड तासात आकडे उघड केले गेले होते, आणि कपात व्यवस्थापनासह सर्वांना लागू होती.

याच्या नेमके उलट २००३ साली अमेरिकन एअरलाइन्समध्ये घडले. दिवाळखोरी टाळण्यासाठी वैमानिक, हवाई सेविका आणि जमिनीवरील कर्मचारी यांच्या संघटनांनी मोठ्या सवलती देण्यास मतदानाने संमती दिली. त्याच सुमारास उघड झाले की मोजक्या उच्चाधिकाऱ्यांनी कंपनी सोडू नये म्हणून त्यांना मोठे बोनस देऊ केले होते, आणि कंपनी बुडाली तरी त्यांचे निवृत्तिवेतन सुरक्षित राहावे अशी तजवीजही केली होती. संमती देताना कर्मचाऱ्यांना यातले काहीही माहीत नव्हते. संताप इतका उसळला की बोनस रद्द करावे लागले आणि एप्रिलअखेरीस प्रमुख डोनाल्ड कार्टी यांना राजीनामा द्यावा लागला. नियमाप्रमाणे तो व्यवहार चुकीचा होता की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पूर्ण माहिती दडवून मिळवलेल्या संमतीला मी संमती मानत नाही.

आता कामाच्या तासांकडे वळू, कारण या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब तीच आहे. पगार कमी आणि काम तेवढेच, किंवा रिकाम्या जागांमुळे अधिकच, अशी कपात म्हणजे श्रमाचा तासाचा दर उतरवणे होय. फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीने १९९३ च्या अखेरीस कामगार संघटनेशी केलेल्या करारात आठवडा ३६ तासांवरून २८.८ तासांवर आला. वार्षिक उत्पन्न घटले, पण वर्षभरात एकरकमी मिळणाऱ्या रकमा बारा महिन्यांत विभागून मासिक पगाराचा आकडा जवळपास कायम ठेवण्यात आला, आणि कराराच्या मुदतीत कोणालाही सक्तीने काढणार नाही, अशी हमी देण्यात आली. कामगारांनी पैसे सोडले, त्या बदल्यात वेळ आणि शाश्वती मिळवली. हप्ते भरणाऱ्या माणसाची मासिक घडी विस्कटू नये, याचा विचार करणारे कोणीतरी त्या बोलणीत होते, याचे मला फार महत्त्व वाटते.

जर्मनीत या जोडीला सरकारचा हातभार असतो. काम घटल्याने कर्मचाऱ्याचे जे निव्वळ वेतन बुडते, त्याचा ६० टक्के भाग, आणि मुले असणाऱ्यांना ६७ टक्के भाग, बेरोजगारी विम्यातून भरून दिला जातो. २००९ साली तिथले राष्ट्रीय उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घसरले, तरी बेरोजगारी फारशी वाढली नाही, त्यामागे ही योजना हे एक महत्त्वाचे कारण होते. अशा योजनेची गरज केवळ करुणेपोटी नसते. एका कारखान्याने पगार कापले तर त्याचा खर्च वाचतो. सगळ्यांनी एकदम कापले तर सगळ्यांचेच गिऱ्हाईक आटते. केन्स या अर्थतज्ज्ञाने १९३६ साली मांडलेला हा धोका प्रत्येक मंदीत नव्याने समोर येतो.

आता प्रत्यक्ष पत्राकडे येऊ. ‘परिस्थिती सुधारेपर्यंत’ या शब्दांखाली सही करू नये. परिस्थिती सुधारली हे ठरवणार कोण, ते त्यात लिहिलेले नसते. त्या जागी तारीख हवी, आणि नवा लेखी करार झाला नाही तर त्या तारखेपासून मूळ पगार आपोआप लागू होईल असे वाक्य हवे. रक्कम कायमची सोडली जात आहे की पुढे ढकलली जात आहे, हे स्पष्ट हवे. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), निवृत्तिवेतन, रजेचे पैसे यांसाठी जुनाच पगार धरला जाईल, हे लिहून घ्यावे. यांतले एक कलम माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे आणि तेच सर्रास राहून जाते: कपातीच्या काळात कोणाला कामावरून काढले, तर त्याचा अखेरचा हिशेब मूळ पगारावर व्हावा. अन्यथा सहकाऱ्यांच्या नोकऱ्या वाचाव्यात म्हणून पगार सोडणाऱ्याला सहा महिन्यांनी काढले जाते आणि भरपाईही त्या सोडलेल्या पगारावर मिळते.

संघटना नसेल तर हे कसे मागायचे, हा प्रश्न रास्त आहे. एकट्याने मागणे जोखमीचे आहे, हे मी नाकारत नाही. परंतु एका विभागातल्या सर्वांनी मिळून पाठवलेले, सभ्य भाषेतले, चार मुद्द्यांचे पत्र बंड ठरत नाही, आणि खरोखर अडचणीत असलेल्या मालकाला त्यातून सुटकाच मिळते, कारण नेमके किती आणि कोठवर मागायचे हे त्यालाही ठरवावे लागते. १९७९-८० मध्ये क्रायस्लर ही अमेरिकन मोटार कंपनी बुडू लागली तेव्हा कामगार संघटनेने सवलती दिल्या, आणि संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर यांना कंपनीच्या संचालक मंडळावर स्थान मिळाले. प्रमुख ली आयकोका यांनी आपला पगार वर्षाला एक डॉलर केला. या प्रतीकाचे कौतुक पुष्कळ झाले. मला फ्रेझर यांची खुर्ची अधिक महत्त्वाची वाटते, कारण कर्ज देणाऱ्याला तिथून वह्या पाहता आल्या.

राहिला परतफेडीचा क्रम. संकट ओसरले की संस्था नवी भरती सुरू करते आणि नव्या माणसांना बाजारभावाने पगार देते, कारण त्याशिवाय ती येत नाहीत. जे वाईट दिवसांत टिकून राहिले, ते शेजारच्या टेबलावर आलेल्या नवख्यापेक्षा कमी पगारावर काम करीत राहतात. म्हणून करारात क्रमही लिहिलेला असावा: सर्वांत कमी पगाराच्या लोकांची कपात आधी मागे घ्यावी, मग इतरांची, आणि ती पूर्ण होईपर्यंत भागधारकांना लाभांश, वरिष्ठांना बोनस किंवा चढ्या पगारावर नवी नेमणूक यांपैकी काहीही होऊ नये.