चित्रात डास नको, पिंप हवं

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा आला की नाशकात डेंग्यूची पत्रकं निघतात. वर हातभर डास, खाली बारीक अक्षरांत दहा-बारा सूचना आणि उरलेल्या जागेत मान्यवरांचे फोटो. फोटो मात्र ठळक!

हे वाचून घरच्यांनी नेमकं करायचं काय? 'परिसर स्वच्छ ठेवा' म्हटलं की माणूस अंगण झाडतो. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो तो बहुतेक घरातल्या साठवलेल्या, स्वच्छ पाण्यात. त्याची अंडी पिंपाला आतून, पाण्याच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, पिंप घासावंच लागतं. अंड्याचा डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस', म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून घासायचा दिवस.

तेव्हा पत्रकात एकच काम सांगा, वारासकट : 'रविवारी पिंप रिकामं करा, आतून घासा, मग भरा, झाकण लावा.' चित्रात घासणी धरलेला हात दाखवा. तो दर वेळी बाईचाच कशाला? आणि कागद मोरीच्या दारावर मावेल एवढाच ठेवा. सिडको असो की पंचवटी, जिथं नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं तिथं 'पाणी साठवू नका' म्हणण्यात अर्थ नाही. लोक साठवणारच. जे पाणी ओतून देणं परवडत नाही, त्यावर घट्ट फडकं बांधायला सांगा.

भीती घालण्याचाही उपयोग बेताचाच. रक्तातल्या प्लेटलेट कमी होतील या धास्तीनं लोक पपईची पानं शोधत फिरतात, पिंप तसंच राहतं.

छापण्याआधी कच्चा नमुना घेऊन गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात जा. 'आवडलं का?' विचारू नका, भिडेखातर सगळे हो म्हणतात. 'हे बघून घरी काय कराल?' असं विचारा. 'काळजी घेऊ' एवढंच उत्तर आलं, तर मजकूर बदला. सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांत लोकांना मजकूर झाकून नुसतं चित्र दाखवा आणि त्यांच्याच बोलीत काय दिसतंय ते ऐका.

आशाताई घरी जातात, त्यांनी आधी बॅटरीच्या उजेडात पिंपातल्या वळवळणाऱ्या अळ्या घरच्यांना दाखवाव्यात. पत्रक त्यानंतर द्यावं.