आरक्षणाला तरतूद हवी

मंडळी, प्रारूप विकास आराखडा नगरपरिषदेच्या भिंतीवर लागला की आपण प्रत्येक जण आधी आपला गट नंबर शोधतो. पिवळ्यात (रहिवास विभागात) आला की हिरव्यात (शेती विभागात) राहिला, एवढंच बघतो. त्यात गैर काही नाही. शेतजमीन रहिवास विभागात गेली की तिची किंमत कुठल्या कुठे जाते. पण त्याच नकाशात बाग, क्रीडांगण, भाजी मंडई, दवाखाना यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जागा, म्हणजे आरक्षणं असतात. त्यांना वाली कोण? मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. हा नकाशा आणि नगरपरिषदेचं अंदाजपत्रक हे दोन कागद आपण कधी शेजारी ठेवून वाचत नाही, आणि लहान गावांची मैदानं तिथेच हातची जातात.

कशी, ते बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याचं कलम १२७ गावातल्या प्रत्येकाला माहीत हवं. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कारवाई सुरू झाली नाही, तर आरक्षण संपतं. मूळ कायद्यात ही मुदत ६ महिन्यांची होती. वाढत वाढत २०१५ साली ती २४ महिन्यांवर आली. आणि नुसता ठराव करून प्रस्ताव वर धाडला की भागलं, असंही नाही. २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं आहे की संपादनाच्या दिशेनं खरं पाऊल पडलेलं असलं पाहिजे.

मालकावर राग काढू नका. दहा-दहा वर्षं त्याला ना धड बांधता येतं, ना धड विकता येतं. त्याची नोटीस रास्तच असते. आपली तयारी नसते, हे दुखणं आहे.

तयारी का नसते? कारण जमिनीसाठी पैसाच नसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार ठरलेल्या मोबदल्यावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे शहरी हद्दीत रक्कम दुप्पट होते. मोबदला रास्त आहे, पण ‘क’ वर्ग, म्हणजे सर्वांत लहान वर्गातल्या नगरपरिषदेनं तो आणायचा कुठून? बाहेरून येणारा पैसा बहुतेक आधीच बांधलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा, पण त्यातून जमीन घेता येत नाही. मग निधी आला की तो कुठे जातो? पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, कमान. जागा आधीच ताब्यात आहे अशाच ठिकाणी काम होतं, आणि आरक्षित जागेकडे कुणी फिरकत नाही.

जमिनीच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क देता येतो, हे खरं. पण जिथे दोन मजल्यांवर कुणी चढवत नाही, तिथे तो विकत घेणार कोण? त्यापेक्षा समावेशक आरक्षण मला लहान गावांना अधिक जमणारं वाटतं: मालकानं जागा विकसित करायची, ठरलेला भाग सुविधेसह नगरपरिषदेला द्यायचा, उरलेला स्वतः वापरायचा. पूर्ण मैदान मिळत नाही, पण काहीतरी पदरात पडतं.

आता विकास शुल्काकडे या. बांधकाम परवानगीच्या वेळी आपण ते भरतो. त्याचा वेगळा निधी ठेवायचा आणि तो सार्वजनिक सुविधांसाठी खर्चायचा, असं नगररचना अधिनियमच सांगतो. त्यात किती शिल्लक आहे, गेल्या वर्षी कशावर खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. त्याच अर्जात आरक्षणांची यादी मागा: जागा क्रमांक, क्षेत्र, ताबा आहे की नाही, आणि आराखडा अमलात आल्याची तारीख. ज्या जागेची आठ वर्षं झाली आहेत, तिची तरतूद याच अंदाजपत्रकात यायला हवी. नोटीस आल्यावर धावपळ करून पैसा उभा राहत नाही.

आणि त्याच अधिनियमाच्या कलम ३७ च्या फेरबदलांवर डोळा ठेवा. आराखडा मंजूर झाल्यावर एखादं आरक्षण वगळायचं किंवा शेती विभागातला गट रहिवासात घ्यायचा, तर बहुधा याच वाटेनं जातात. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात बारीक टायपात सूचना येते, हरकतीला महिनाभर मिळतो. हरकत घेताना “आमचा विरोध आहे” एवढं लिहून थांबू नका. गट नंबर लिहा, आरक्षणाचा क्रमांक लिहा, जवळचं दुसरं मैदान किती लांब आहे ते लिहा, पोच घ्या, आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. दहा जण दहा वेगवेगळी, नेमकी कारणं घेऊन गेले, तर सुनावणी घेणाऱ्याला प्रत्येकाची नोंद अहवालात घ्यावी लागते.