फासा हातात घेण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम हे लांबलचक नाव ऐकून कोणी रेडिओचं बटण फिरवायला हात पुढे केला असेल, तर जरा थांबा. खेळ समजायला सोपा आहे. चार-पाच माणसं टेबलाभोवती, किंवा आमच्यासारखी सतरंजीवर, बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. एकाला मात्र पात्र नसतं, त्याच्याकडे उरलेलं सगळं जग असतं. वाडा केवढा आहे, पहारेकरी काय म्हणाला, पाऊस आहे का, हे तो सांगतो. त्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्या कोथरूडच्या घरात हा मान माझ्याकडे आहे, म्हणजे आठवडाभर बँकेत कर्जाच्या फायली उपसणाऱ्या बाईकडे. खेळाडू सांगतात, "माझं पात्र आता अमुक करतंय." ते जमेल की नाही अशी शंका असली, तर फासा टाकायचा. बहुतेक वेळा वीस बाजूंचा. ठरलेला आकडा किंवा त्याहून मोठा पडला तर जमलं, नाहीतर फसलं.

मला आज बोलायचंय ते त्या "शंका असली तर" बद्दल. कारण पुष्कळ ठिकाणी मी पाहते, शंका असो नसो, फासा खुळखुळत असतो. दार उघडायचंय? टाक फासा. कोनाड्यात डोकावायचंय? टाक फासा. तलवारबाज म्हणून मिरवणारा गडी लहान आकडा पडला म्हणून ओळखीच्या जिन्यावरून घसरतो, सगळे हसतात, आणि गोष्ट तिथेच पाय मोडून बसते. माझं मत विचाराल तर फासा जितका कमी पडेल, तितका खेळ रंगतो.

हे भांडण माझ्याही आधीचं आहे, चांगलं दीडशे वर्षांचं. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरच्या लढाईचा एक खेळ होता. राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने १८२४ साली त्याचे नियम छापले. नकाशा, ठोकळे, फासे आणि किती माणसं पडली ते काढायला तक्ते. दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच. पुढे या तक्त्यांचा इतका काच झाला की १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने सांगून टाकलं, तक्ते आणि फासे बाजूला ठेवा, ज्याने लढाई पाहिली आहे अशा पंचाला निकाल देऊ द्या. म्हणजे एकीकडे फासा, दुसरीकडे जाणत्या माणसाचा निवाडा. आज आमच्या सतरंजीवर जो वाद होतो तो हाच.

मग येते अमेरिकेतल्या मिनेसोटाची गोष्ट, साठचं दशक संपता संपतानाची. डेव्हिड वेस्ली नावाच्या गृहस्थाने नेपोलियनच्या काळातलं एक जर्मन गाव मांडलं आणि मित्रांना पलटणी द्यायच्या ऐवजी एकेक माणूस दिला. कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा कुलपती. ठरल्याप्रमाणे लढाई व्हायला हवी होती. पण मंडळी गावभर भटकायला लागली, आपापसात खलबतं करायला लागली, दोघांनी तर द्वंद्वयुद्धच पुकारलं. नियमात यातलं काहीच नव्हतं, वेस्ली जागच्या जागी निकाल देत गेले. घरी जाताना त्यांना वाटलं, आजचा दिवस वाया गेला. मित्र म्हणाले, पुन्हा कधी? त्या मंडळींतल्याच डेव्ह आर्नसन यांनी ही रीत एका किल्ल्यात आणि त्याच्या तळघरांत नेली, आणि गॅरी गायगॅक्स यांच्याबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ बाजारात आला. एका डब्यात तीन छोट्या पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे मात्र त्यांनी घडवलेले नव्हते. ते शाळांना भूमितीचं साहित्य पुरवणाऱ्या कंपनीकडून मागवत. आज ज्या फाशांसाठी पोरं पॉकेटमनी साठवतात, ती मुळात वर्गात दाखवायची वस्तू.

आता थोडा हिशेब करते, बँकवाली आहे म्हणून सहन करा. समजा तुमचं पात्र दबक्या पावलांनी अंगण ओलांडतंय आणि जमण्याची शक्यता पंचाहत्तर टक्के आहे. चांगलीच म्हणायची. पण गेम मास्टर म्हणाला, ओसरीपाशी एकदा टाक, तुळशीपाशी एकदा, विहिरीपाशी एकदा, दिंडीपाशी एकदा. चारही वेळा जमण्याची शक्यता किती? साधारण बत्तीस टक्के. गेम मास्टरने तोंडाने "अवघड आहे" असं एकदाही म्हटलं नाही, आणि तीन हिश्श्यांतले दोन हिस्से अपयश तुमच्या पदरात टाकलं. म्हणून माझ्याकडे एका कामाला एकच फासा. आणि तोही कधी, तर जमलं तरी मजा आणि फसलं तरी काहीतरी घडणार असेल तेव्हा.

उदाहरण आमच्याच घरातलं देते. कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत पेशव्यांनी जमिनीखालून पाणी आणलं होतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. नानासाहेबांच्या काळातलं ते काम. जमिनीखालचा बांधीव नळ, मधे मधे हवेसाठी आणि सफाईसाठी वर उघडणारे उच्छ्वास, आणि पेठांतून हौद. या खेळांत डंजन, म्हणजे जमिनीखालचं भुयारी तळघर, म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? परदेशी गुहा कशाला हव्यात? मी तोच नळ घेतला, त्यात माझ्या कल्पनेची चार वळणं आणि एक दार घातलं. काम होतं वाड्यातल्या हौदाशी लपवलेला एक खलिता बाहेर काढायचं.

खेळाडू तीन. माझा भाचा झाला पट्टा चालवणारा शिलेदार. त्याच्या कॉलेजातली एक मैत्रीण झाली वासुदेव, मोरपिसांची टोपी, टाळ, चिपळ्या, सगळं. आणि शेजारचे काका. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, "बघतो जरा काय चाललंय" म्हणून दारातून डोकावले आणि बसले ते बसलेच. त्यांनी पात्र निवडलं पखाल वाहणाऱ्याचं.

वळणावर लाकडी दार लागलं, घट्ट बसलेलं. भाच्याने लगेच फासा उचलला. "मावशी, मी जोर लावतो."

"थांब रे," काका म्हणाले. मग मला, "पाणी कुठल्या बाजूला जास्त आहे?"

"आपल्या बाजूला. मांडीपर्यंत."

"आणि पलीकडे?"

"फटीतून बघितलं तर घोटाभर."

"दार ढकलून उघडायचं की आपल्याकडे ओढून?"

हे मी ठरवलेलंच नव्हतं. कड्या आमच्या बाजूला काढल्या होत्या, तेव्हा म्हटलं, "ओढून."

"मग भीम आला तरी उघडत नाही. सगळं पाणी त्याच्यावर रेलून बसलंय. आधी पाणी उतरवा. गाळ काढायला तळाशी मोरी ठेवलेली असणार, कुठलाही शहाणा मिस्त्री ठेवतो. शोधा."

मी मान हलवली. आहे मोरी, गच्च गाळाने भरलेली. मग दहा मिनिटं तिघांनी गाळ कसा काढायचा यावर डोकं चालवलं. शिलेदाराचा पट्टा खोरं म्हणून वापरला गेला, भाच्याचा जीव तुटला पण त्याने दिला. पखालीचं कातडं गाळ ओढायला लागलं. मोरी मोकळी झाली, पाणी घोट्यापर्यंत खाली आलं, दार उघडलं. फासा सतरंजीवर पडून होता, त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही. आणि काकांचा चेहरा! सेवानिवृत्तीनंतर त्यांना कोणी पाण्याबद्दल एवढं मन लावून विचारलं नसेल.

आता, एवढं पाणी एकदम सुटलं तर आवाज होणारच. वरच्या उच्छ्वासातून पहारेकऱ्याने हाळी दिली, "कोण आहे रे खाली?" वासुदेव झालेल्या मुलीने टाळ वाजवून दान मागायला सुरुवात केली, जमिनीच्या पोटातून! म्हणाली, त्याला वाटू दे, प्रत्यक्ष देवच बोलतोय. इथे मात्र फासा हवा. मला माहीत नव्हतं पहारेकरी भाबडा आहे की बेरकी, आणि दोन्ही बाजूंनी धमाल होती. मी आकडा आधीच जाहीर केला, बारा. फसलं तर काय होईल तेही सांगितलं, तो खाली उतरणार नाही, पण चार माणसं गोळा करेल. तिने फासा टाकला. अकरा.

अकराला आमच्या घरात जो कल्ला झाला, तो वीस पडूनही झाला नसता. पुढचा तासभर त्या चार माणसांपैकी दोघं देवाला नारळ फोडायला आणि दोघं मशाली घेऊन उतरायला निघाली होती.

भाचा माझ्याशी सहमत नाही, हेही सांगायला हवं. त्याचं म्हणणं, "मावशी, फासा काढून घेतलास तर मग तुझीच मर्जी. काका इंजिनियर म्हणून सुटले. मला पाण्यातलं काही कळत नाही, पण माझ्या शिलेदाराला ताकद आहे, तिचं काय?" मुद्दा बिनतोड आहे. ज्याला बोलता येतं, ज्याला माहिती आहे, तोच जिंकणार असेल तर बुजऱ्या माणसाने शूर वक्त्याचं पात्र घ्यायचंच नाही का? घ्यायचं. त्याने "मी त्याला पटवतो" एवढंच म्हटलं तरी चालेल. काय पटवतो आणि कशाचा धाक घालतो एवढं मी विचारते, आणि मग फासा त्याच्या पात्राच्या कौशल्यासकट पडतो. भाषण ठोकायची सक्ती नाही. आणि मर्जीचं म्हणाल, तर माझे सगळे फासे उघड्यावर पडतात. काही गेम मास्टर पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकतात आणि पडलेला आकडा गुपचूप बदलतात, खेळाडूला वाईट वाटू नये म्हणून. मला ते पटत नाही. निकाल ठरलेलाच असेल तर फासा टाकण्याचं नाटक कशाला?

बाकी तयारी म्हणाल तर फारशी लागत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे पायाभूत नियम २०२३ च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात. त्याआधीच्या परवान्यात बदल करायचा खेळाच्या कंपनीचा मसुदा फुटला, खेळाडूंनी जगभर गदारोळ केला, त्यातून ते पदरात पडलं. फासे नसतील तर एक ते वीस चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घाला, उचललेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाका, म्हणजे झालं. आलेख वहीचं पान नकाशाला. पात्रं लिहिण्याआधी मात्र प्रत्येकाला विचारा, गोष्टीत काय नको? आमच्याकडे काकांनी सांगितलं, कुत्र्याला काही व्हायचं नाही. तेव्हापासून आमच्या वाड्यातल्या कुत्र्यांना अभय आहे, पहारेकऱ्यांनी मात्र आपापलं बघावं.

आणि हो, पुढच्या रविवारची वेळ आधी ठरवून घ्या. माझी बँक, भाच्याची परीक्षा, काकांचा फिजिओथेरपिस्ट, या तिघांना एकत्र आणायला कोणत्याच नियमपुस्तकात फासा दिलेला नाही.

नमस्कार.