दवंडी वेशीपर्यंतच: राउटर आणि नेटवर्कवरच्या सर्व्हिस

नमस्कार मंडळी. सातपूर-अंबडहून शिफ्ट संपवून थेट इकडे आलेले बरेच जण दिसतायत, म्हणून सरळ मुद्द्यावरच येतो.

मागच्या महिन्यात अंबडला एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. ऑफिसचं वायफाय एका व्हीलॅनवर, म्हणजे त्याच यंत्रणेत वेगळ्या पाडलेल्या एका नेटवर्कवर, प्रिंटर आणि कॅमेरे दुसऱ्यावर, आणि अकाउंटच्या ताई चलन प्रिंट करायला केव्हाच्या खोळंबलेल्या, कारण लिस्टमध्ये प्रिंटरच येईना. त्याच लॅपटॉपवरून पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारलं, तर प्रिंटर लगेच उत्तर देतोय. म्हणजे रस्ता आहे, पण प्रिंटर तिथं आहे हे कुणी सांगतच नाहीये.

हे सांगणं म्हणजे दवंडी. प्रिंटर एमडीएनएसने, म्हणजे ‘मी इथं आहे’ असं जवळच्या सगळ्यांना सांगायच्या पद्धतीने, ओरडतो, २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, पोर्ट ५३५३. आणि हा पत्ता मुद्दामच असा निवडलाय की राउटर त्यावरचं पॅकेट पुढे पाठवतच नाही. राउटर म्हणजे गावची वेस, दवंडी तिथंच थांबते.

मग उपाय काय, तर वेशीवर माणूस उभा करायचा, जो इकडचं ऐकून तिकडे ओरडेल. लिनक्स राउटरवर अवाही नावाचं एमडीएनएसचं सॉफ्टवेअर टाकता येतं, त्यात रिफ्लेक्टर नावाची सेटिंग आहे, ती चालू केली की काम होतं. पण बरेच जण इथंच थांबतात आणि ते मला खरंच खटकतं, कारण मग कॅमेरा, टीव्ही, कुणाचा तरी स्पीकर, सगळ्यांची दवंडी सगळीकडे जाते.

जुन्या लोकांनी हे भोगलंय. नोव्हेल कंपनीच्या नेटवर्कमध्ये सॅप नावाची सर्व्हिस जाहीर करायची पद्धत होती, दर ६० सेकंदांना अख्खी यादी ओरडायची, एका पॅकेटमध्ये फार तर ७ सर्व्हिस. आता हिशोब करा, ७०० सर्व्हिस म्हणजे १०० पॅकेट, एकेक ४८० बाइटचं, आणि लाइन ६४ केबीपीएसची, म्हणजे दर मिनिटाला ६ सेकंद नुसती दवंडीच चाललीये, बिचाऱ्या कामाच्या डेटाने थांबायचं. म्हणून तेव्हा सिस्कोच्या राउटरवर १००० ते १०९९ नंबरच्या ॲक्सेस लिस्ट लिहून फिल्टर लावायचे, फाइल सर्व्हर टाइप ४ जाऊ दे, प्रिंट सर्व्हर टाइप ७ अडव, असं. आज लाइन मोठ्या झाल्या, पण काय सांगायचं आणि काय नाही हे ठरवायचं काम आपलंच आहे.

तर अवाहीच्या ०.८ आवृत्तीपासून रिफ्लेक्ट-फिल्टर्स ही सेटिंग आहे, त्यात लिहिलेल्याच सर्व्हिस पुढे जातात; मी त्यात फक्त आयपीपी, म्हणजे प्रिंटिंगची सर्व्हिस लिहिली. अजून एक, त्याच दोन व्हीलॅनमध्ये दुसऱ्या कुठल्या डब्यावर रिफ्लेक्टर चालू नाही ना ते आधी बघा, नाहीतर दोघं एकमेकांचंच ऐकून ओरडत बसतात. आणि दवंडी ऐकू आली म्हणून दार उघडलं असं नाही हो! फायरवॉलमध्ये प्रिंटरच्या आयपीला पोर्ट ६३१, म्हणजे आयपीपीचं दार, उघडावं लागलं, पिंग चालत होतं तरी ते बंदच होतं.

ताईंच्या लिस्टमध्ये आता तो एकच प्रिंटर येतो, कॅमेरे नाहीत, आणि चलनं त्याच संध्याकाळी निघाली.